नऊ नंबर

संघाचा इतिहास लिहायचा तर वही नाही.
वही अडुसष्ट साली छपराखाली गेली.
माझ्याकडे जर्सी आहेत, एका खोक्यात,
डांबरगोळ्या घालून ठेवलेल्या.
बत्तीस हिवाळे मी त्या धुतल्या, उसवल्या, शिवल्या.
विचारा काय ते.

हॅल्बर्ट जॅकरॅबिट्स. म्हणजे ससे.
पण बिल्ल्याचं चित्र काढलं शाळेतल्या मिस टर्नबुलनं,
आणि कान इतके लांब काढले
की पहिल्याच सामन्यात डनमोरची पोरं
बाकांवर चढून गाढवासारखी ओरडली.
आम्ही हरलो, नऊ-एक.
तो एक लेनर्ड वीबचा.
त्यानंतर बिल्ला बदलायचं कुणी नावच काढलं नाही.

तेव्हा रिंक कुठली! धान्याच्या कोठारामागे तळं होतं.
नोव्हेंबरात गोठायचं, आणि वाऱ्यानं आलेला
गव्हाचा कोंडा बर्फात अडकून राहायचा.
पक त्यावर अडखळे.
कुठं अडखळणार, ते आमच्या पोरांना पाठ.
परगावचे म्हणत, ही लबाडी आहे.
होतीच.

मग छप्पर आलं: बंद पडलेल्या विमानतळाचं,
फळी न् फळी ट्रकनं वाहून.
मग छप्पर गेलं: बर्फाच्या ओझ्यानं, रात्री दोनला.
आत माणूस नव्हतं, नशीब. फक्त वही.
मग परत आलं.
युक्रेनी चर्चच्या आम्ही बायकांनी त्या हिवाळ्यात
अकरा हजार पेरोगी वळल्या, डझनावारी विकल्या.
माझी बोटं अजून झोपेत कडा दाबतात.

हा नऊ नंबर खिडकीशी धरा.
पाठीवर भोकं दिसतील सुईची, ओळीवर ओळ.
वीब. त्यावर हावरिलाक. त्यावर कार्डिनल.
दोरा निघतो. भोकं कुठं जातात?

अर्विन कार्डिनल रिझर्व्हवरून यायचा,
चाळीस मैल, हीटर नसलेल्या गाडीतून.
त्याला हंगामभर ठेवून घ्यायला सात घरं नाही म्हणाली.
आठवं माझं.
हेही लिहा:
मीसुद्धा आधी एक रात्र विचार करायला मागितली होती.

एकोणऐंशीची फायनल. तिसरा जादा वेळ.
पक त्याच्याच स्केटला लागून
आमच्याच जाळ्यात गेला.
बसमध्ये साडेतीन तास कुणी बोललं नाही,
ड्रायव्हरनं रेडिओसुद्धा लावला नाही.
दुसऱ्या दिवशी जर्सी माझ्याकडे आली.
घाम काखेत वाळतो.
बाहीच्या टोकाला मीठ कशानं येतं
ते धुणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.
मी काही बोलले नाही. त्याला दोन अंडी जास्त वाढली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.
रेल्वेनं रूळ उचलले.
कोठार पाडलं, तेव्हा धूळ तीन दिवस बसली नाही.
लीग म्हणाली, डनमोरशी एक व्हा.
गाढव म्हणणाऱ्यांशी?
झालो. नंतर तेही राहिले नाहीत.
शेवटच्या हंगामात अकरा पोरं, त्यातली चार तापानं फणफणलेली.
कॉम्प्रेसर बंद केला त्या रात्री
एवढी शांतता झाली की कुत्री भुंकायला लागली.

परवा दार वाजलं.
मोटेल चालवतात ना, त्या फिलिपिनो माणसांची मुलगी,
तेरा वर्षांची, नाक लाल.
तळ्यावर सहा जण खेळतात म्हणे, फावड्यानं साफ करून.
एखादी जुनी जर्सी आहे का?
नऊ नंबर दिला. गुडघ्यापर्यंत आला.
आडनाव विचारलं.
डिमाकुलांगान.

दोन्ही खांदे संपले, नाव संपेना.
शेवट बाहीवर वळवला.
'ए' तीन लागत होते, डब्यात दोनच निघाले.
तशी न वापरलेल्या बिल्ल्यावरची फेल्ट घेतली,
सशाच्या कानाचं टोक कापलं,
त्रिकोणी होतंच, मध्ये एक आडवी चीर दिली. झाला 'ए'.

आणि तुम्हाला सांगते,
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा,
तो कान आखूड झाल्यावर,
ससा सशासारखा दिसला.